माहितीचे गाठोडे व त्यावरील खूण

आमचा धाराशिव जिल्हा १९४८ सालापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे, हे विद्यार्थ्यांनी इतिहासात वाचलेच असेल. त्या काळी संस्थानाचे नाणे निराळे व इंग्रजी मुलखाचे निराळे होते. पहिल्यास हाली सिक्का व दुसऱ्यास कलदार म्हणत, आणि सात हाली रुपये मोजले असता सुमारे सहा कलदार हाती येत. शेजारचे सोलापूर व बार्शी हा भाग इंग्रजी अमलाखाली असल्यामुळे सरहद्दीवरील व्यापाऱ्यास दोन्ही नाण्यांशी गाठ पडे. आता अशा काळच्या एखाद्या चोपडीत ‘रुपये ७००’ एवढाच आकडा लिहिलेला आढळला, तर वाचणाराने काय समजावे? ते हाली असतील तर त्यांचे ६०० कलदार झाले, आणि कलदार असतील तर ७०० चे ७०० राहिले. आकडा स्वच्छ आहे, शाई पुसलेली नाही, बेरीजही बरोबर आहे. तरी शंभर रुपयांचा घोळ शिल्लक राहतो. याचे कारण एवढेच, की आकड्याच्या शेजारी त्याचा प्रकार लिहावयाचा राहून गेला.

संगणकाच्या पोटात नेमकी हीच अडचण रात्रंदिवस उभी असते. तेथे जे काही साठविलेले असते ते सर्व बाइटांच्या रूपाने असते, आणि बाइट म्हणजे ० पासून २५५ पर्यंतचा एक आकडा, याहून अधिक काही नाही. त्याच आकड्याचा अर्थ कोठे अक्षर असा होतो, कोठे चित्रातील एखाद्या ठिपक्याचा रंग असा होतो, तर कोठे मोठ्या संख्येचा एक तुकडा असा होतो. प्रोग्रॅम चालू असतो तोपर्यंत कोणती वस्तू कोणत्या प्रकारची आहे हे त्याच्या ध्यानात असते. परंतु तीच माहिती तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे धाडावयाची झाली किंवा उद्यासाठी जपून ठेवावयाची झाली, म्हणजे घरात मांडून ठेवलेले सामान जसे गाठोड्यात बांधावे लागते, तशी ती एकापुढे एक बाइट अशा सरळ ओळीत बांधावी लागते. या बांधणीस सिरियलायझेशन असे नाव आहे. हे काम ज्याने त्याने स्वतः करू नये म्हणून त्यासाठी आयते लिहून ठेवलेले प्रोग्रॅमांचे संच मिळतात. त्यांस लायब्ररी म्हणतात. तेथे पुस्तक मात्र एकही नसते. अशी लायब्ररी हाती आलेल्या वस्तूचा प्रकार कसा ठरविते, आणि तो गाठोड्यावर कसा नोंदविते, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

उदाहरण घरचेच घेऊ. आमच्या जिल्ह्यास पावसाची नोंद म्हणजे काय वस्तू आहे हे कोणा शेतकऱ्यास सांगावयास नको. महसूल मंडळावर रोज किती पाऊस पडला याची नोंद होते, आणि २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पडल्यास ती अतिवृष्टी समजली जाते. समजा, तेर मंडळाची एका दिवसाची नोंद बांधावयाची आहे. तीत चार गोष्टी आहेत: मंडळाचे नाव ‘तेर’, दिनांक, पाऊस १२.५ मिलिमीटर; आणि यंत्र नीट चालू होते काय, याचे उत्तर ‘होय’. एक मजकूर, एक काळ, एक अपूर्णांक व एक सत्यासत्य, असे हे चार भिन्न प्रकार झाले. हीच नोंद कागदावर लिहितो तशी अक्षरांनी, अवतरणचिन्हे व स्वल्पविराम घालून जेसन नावाच्या प्रचलित पद्धतीने लिहिली, तर तीस ३६ बाइट लागतात. तीच मेसेजपॅक नावाच्या पद्धतीने बांधली तर २७ बाइटांत बसते. नऊ बाइटांची बचत ही काही मोठी मिळकत नव्हे. परंतु लक्षावधी नोंदी असल्या म्हणजे थेंबे थेंबे तळे साचते. आम्हांस मात्र बचतीपेक्षा तिच्या मागील व्यवस्था अधिक मनोरंजक वाटते.

मेसेजपॅक ही पद्धत जपानातील सादायुकी फुरुहाशी यांनी निर्माण केली. तिचा नियम असा, की प्रत्येक वस्तूच्या आधी एक खुणेचा बाइट यावा आणि त्या एका बाइटावरून पुढे काय येत आहे हे कळावे. एका बाइटात २५६ आकडे मावतात. म्हणजे जणू २५६ खणांचे एक फडताळ मिळाले. ते कोणास किती द्यावयाचे हाच काय तो प्रश्न. त्याची वाटणी पाहण्याजोगी आहे. ० ते १२७ हे पहिले अर्धे फडताळ लहान पूर्णांकांस देऊन टाकले आहे. तेथे खूण हीच वस्तू, निराळे काही बांधावे लागत नाही. जगातील बहुतेक मोजदाद लहान आकड्यांची असते हे ओळखून केलेली ही उदारता होय. १२८ ते १४३ हे जोड्यांच्या लहान कोशांस, १४४ ते १५९ हे लहान याद्यांस, आणि १६० ते १९१ हे ३१ बाइटांपर्यंतच्या मजकुरास दिले आहेत. १९२ म्हणजे ‘काहीच नाही’. १९४ म्हणजे ‘नाही’ व १९५ म्हणजे ‘होय’. अपूर्णांक, मोठे पूर्णांक, लांब मजकूर व लांब याद्या यांची सोय त्यापुढे आहे, आणि शेवटचे ३२ खण उणे एक ते उणे बत्तीस या आकड्यांचे आहेत. मधला १९३ क्रमांकाचा खण कोणासच दिलेला नाही. तो कधीही वापरावयाचा नाही असा स्पष्ट नियम आहे. गावात एखादी जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते तसा तो आहे, आणि वाचताना तो आकडा खुणेच्या जागी आला तर काही तरी बिनसले आहे हे तत्काळ समजते.

आता तेरची नोंद बांधून पाहू. चार वस्तूंची यादी, म्हणून पहिली खूण १४८. नंतर ‘तेर’ हा शब्द. डोळ्यांस तो दोन अक्षरांचा दिसतो, परंतु संगणकाच्या लेखी त, मात्रा व र अशी तीन चिन्हे होतात, आणि यूटीएफ-८ या सर्वत्र रूढ लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे एकंदर नऊ. म्हणून खूण १६० अधिक ९, अर्थात् १६९. दिनांकास सहा, अपूर्णांकास नऊ आणि ‘होय’ यास एकच बाइट. वाचणारा संगणक १४८ पाहतो आणि चार वस्तूंची वाट पाहू लागतो; १६९ पाहतो आणि पुढील नऊ बाइट मजकूर म्हणून उचलतो. कोठेही तर्क करावा लागत नाही.

ही खूण वाटेत गळाली तर काय घडेल, हे हाताने करून पाहण्याजोगे आहे. ‘तेर’ याचे नऊ बाइट असे: २२४, १६४, १६४, २२४, १६५, १३५, २२४, १६४, १७६. आरंभीचा १६९ गेला असे समजा. वाचणारा २२४ हीच खूण मानील, आणि तिचा अर्थ उणे बत्तीस. पुढील १६४ म्हणजे चार बाइटांचा मजकूर. म्हणून तो त्यापुढील चार बाइट उचलील, ज्यांतून एकही अक्षर नीट बनत नाही. पुन्हा २२४, म्हणजे पुन्हा उणे बत्तीस. पुन्हा १६४, आता चार बाइट हवेत, पण तेरचा एकच उरला आहे, म्हणून उरलेले तीन तो शेजारच्या दिनांकातून ओढून घेईल. यादी चार वस्तूंची होती आणि चार वस्तू तर मिळाल्या! उणे बत्तीस, निरर्थक मजकूर, उणे बत्तीस, निरर्थक मजकूर. काटेकोर लायब्ररी असेल तर ती बिघडलेली अक्षरे पाहून तेथेच थांबेल; ढिली असेल तर दिनांकाचा मोडका तुकडा पुढची नोंद समजून तशीच पुढे चालू लागेल.

यावरून प्रकाराची खूण किती महत्त्वाची हे दिसले. पण खूण असूनही ती पुरेशी बारीक नसेल तर? मेसेजपॅकच्या इतिहासात हाच वाद झाला, आणि आम्हा मराठी लिहिणारांस तो विशेष जिव्हाळ्याचा आहे. आरंभी त्या पद्धतीत मजकूर आणि नुसते बाइट यांस एकच प्रकार होता. त्यास ‘रॉ’, म्हणजे कच्चा, असे म्हणत. एखाद्याचे नाव असो वा त्याचे छायाचित्र असो, दोहोंवर खूण एकच. गाठोडे सोडणाराने आत काय आहे हे आपल्या अकलेने ठरवावे, अशी अपेक्षा होती. इंग्रजी लिहिणारास यात फारसा त्रास जाणवत नसे. इंग्रजीचे प्रत्येक साधे अक्षर एकाच बाइटाचे असते, आणि ते बहुतेक सर्व जुन्या-नव्या लेखनपद्धतींत त्याच आकड्याने लिहिले जाते. त्यामुळे मजकूर बाइट म्हणून हाताळला गेला तरी तो वाचता येतोच, आणि चूक झाकून जाते. मराठीचे तसे नाही. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. ते युरोपातील जुन्या लेखनपद्धतीने वाचले, तर माथ्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याच्या शेजारी चार टोके फुटलेले वर्तुळाकार चलनचिन्ह, अशी जोडी पुनःपुन्हा दिसू लागते. एखाद्या पावतीवर किंवा यादीत मराठी नावाच्या जागी असल्या जोड्यांची रांग वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ते यंत्राचे वेड नव्हे. बाइट अगदी जसेच्या तसे पोहोचलेले असतात; ते कोणत्या प्रकारचे व कोणत्या लेखनपद्धतीचे आहेत, ही एवढी गोष्ट तेवढी वाटेत हरवलेली असते.

वादाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. प्रकार जितके थोडे तितकी पद्धत सोपी, आणि सोपेपणा हाच तर मेसेजपॅकचा गुण होता. शिवाय कित्येक प्रोग्रॅमभाषांत मजकूर व बाइट यांत भेदच नव्हता. पायथन भाषेच्या दुसऱ्या पिढीतही साधा मजकूर म्हणजे बाइटच असत, आणि २००८ च्या डिसेंबरात आलेल्या तिसऱ्या पिढीने ही दोन कुळे पुरती निराळी केली. ज्या भाषेत भेद नाही तिने खूण तरी कोणती लावावी, हा आक्षेप पोकळ नव्हता. तथापि आमच्या मते ज्यास भेद ठाऊक आहे त्याने तो लिहावा हेच योग्य. कारण भेद लिहिलेला असला तर ज्यास नको तो त्याकडे दुर्लक्ष करू शकतो, परंतु न लिहिलेला भेद मागाहून कोणासही उत्पन्न करता येत नाही. शेवटी २०१३ साली नियम सुधारण्यात आले. जुने ‘कच्चे’ खण होते ते मजकुराच्या नावे लावून दिले, आणि नुसत्या बाइटांसाठी १९६, १९७ व १९८ हे नवे खण उघडले. या तोडग्यात एक गैरसोय राहून गेलीच: त्यापूर्वी बांधून ठेवलेल्या गाठोड्यांतील छायाचित्रेही आता मजकुराच्या खुणेखाली गेली. पायथनसाठी असलेल्या लायब्ररीने नवी रीत हीच आपली सर्वसाधारण रीत म्हणून स्वीकारली ती २०२० साली, १.० या आवृत्तीत. सात वर्षे लागली. जुन्या दप्तराची भाषा बदलणे किती जड असते, याची कल्पना यावरून यावी. त्याच २०१३ साली ऑक्टोबरात प्रसिद्ध झालेल्या सीबॉर या दुसऱ्या पद्धतीत मात्र मजकूर आणि बाइट हे जन्मापासूनच निराळे आहेत. तीत खुणेच्या बाइटातील पहिले तीन बिट आठ मुख्य प्रकारांपैकी कोणता ते सांगतात व उरलेले पाच लांबी किंवा लहान किंमत सांगतात.

येथवर खूण कशी असते ते झाले. आता, ती लावण्यापूर्वी वस्तू कोणत्या प्रकारची हे लायब्ररीस कसे उमगते?

या ठिकाणी आम्हांस तेरचेच संत गोरोबाकाका आठवतात. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने, मडके कच्चे की पक्के हे तुम्ही कसे ओळखता, असे काकांस विचारले. आणि त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले, ही कथा आमच्याकडे पोरासोरांसही ठाऊक आहे. नामदेवांस ते सहन झाले नाही व मडके कच्चे ठरले. लायब्ररीच्या हाती असेच थापटणे असते. वस्तूस तिचे नाव विचारणे ही एक रीत, तिचे कूळ पाहणे ही दुसरी, आणि थापटून तिचे वर्तन पाहणे ही तिसरी. तिन्ही रीती उपयोगाच्या आहेत, आणि तिन्ही कोठे ना कोठे फसवितात.

नाव विचारण्याची रीत जावास्क्रिप्ट भाषेत कशी फसते पाहा. तेथे ‘काहीच नाही’ यास तू कोण असे विचारले तर उत्तर येते ‘वस्तू’. यादीस विचारले तरी उत्तर ‘वस्तू’ असेच येते. १९९५ पासूनचा हा विक्षिप्तपणा आता बदलता येत नाही, कारण असंख्य प्रोग्रॅम त्यावर विसंबून आहेत. म्हणून लायब्ररीस ‘काहीच नाही’ याची परीक्षा सर्वांआधी स्वतंत्र करावी लागते, मग यादीची, आणि या दोन्ही नव्हेत असे ठरल्यावरच उरलेल्यास जोड्यांचा कोश मानता येते.

कुळाची रीत पायथनमध्ये फसते. तेथे सत्यासत्य हा प्रकार २००३ साली, २.३ या आवृत्तीत आला. परंतु जुन्या प्रोग्रॅमांस बाध येऊ नये म्हणून तो पूर्णांकाच्याच कुळात घालण्यात आला. त्यामुळे ‘होय’ अधिक ‘होय’ बरोबर दोन, असे त्या भाषेत खरोखरच होते. आता लायब्ररीने पहिला प्रश्न ‘तू पूर्णांकाच्या कुळातील काय?’ असा विचारला, तर ‘होय’ ही वस्तू हात वर करील आणि तिच्यावर १९५ ऐवजी १ ही खूण बसेल. आमच्या तेरच्या नोंदीत यंत्र चालू होते काय, याचे उत्तर ‘होय’ न राहता ‘एक’ होईल; आणि वाचणारा विचारीत बसेल की एक काय? एक मिलिमीटर, एक तास, की एक यंत्र? म्हणून सत्यासत्याचा प्रश्न पूर्णांकाच्या आधी आलाच पाहिजे. प्रश्न तेच, उत्तरे तीच. केवळ क्रम बदलल्याने निकाल बदलतो. वर्गीकरणाच्या शास्त्रात हे नेहमीच घडते: पोटशाखेची विचारपूस मूळ शाखेच्या आधी करावी लागते.

याच जातीची दुसरी एक फसगत आहे. तेरची नोंद ठेवताना एखाद्याने तिच्या चार जागांस ‘मंडळ’, ‘दिनांक’, ‘पाऊस’ व ‘यंत्र’ अशी नावे दिली असतील. अशी नामांकित रचना ही कुळाने साधी यादीच भासते. तेव्हा लायब्ररी तिला यादी म्हणून बांधते आणि नावे गळून पडतात. हे नको असेल तर पायथनच्या लायब्ररीस ‘काटेकोर प्रकार’ पाळावयास सांगता येते. मग ती केवळ अस्सल यादीसच यादी म्हणते, आणि कुळावरून आलेल्या पाहुण्यास ‘मी तुला ओळखीत नाही’ असे सांगून प्रोग्रॅम लिहिणाराकडे परत धाडते. तो मग त्याची व्यवस्था ठरवितो. ओळखत नसता ओळख दाखविण्यापेक्षा हे स्पष्ट उत्तर बरे.

अशा अनोळखी वस्तूंसाठी मेसेजपॅकने विस्ताराचे खण राखून ठेवले आहेत. त्यांत ० ते १२७ हे क्रमांक ज्याच्या त्याच्या स्वतंत्र प्रकारांसाठी आहेत, आणि उणे क्रमांक पद्धतीने स्वतःकडे ठेवले आहेत. त्यांपैकी उणे एक हा काळासाठी, असे २०१७ साली ठरले. परंतु तेथे काळ म्हणजे १९७० च्या आरंभापासून लोटलेले सेकंद, आणि तेही ग्रिनिचच्या घड्याळाप्रमाणे. आपल्याकडे मध्यरात्र होते तेव्हा तेथे आदल्या दिवसाचे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. म्हणून १० जून हा नुसता दिनांक मध्यरात्रीचा काळ समजून बांधला आणि दुसरीकडे बेसावधपणे सोडला, तर तो ९ जून निघतो. पावसाच्या बाबतीत तर आणखी एक बारकावा आहे: हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठास संपतो. तेव्हा ‘दिनांक’ आणि ‘क्षण’ हे दोन निराळे प्रकार मानणे भाग आहे, आणि नोंदीत दिनांकच हवा असेल तर तो काळाच्या खणात कोंबू नये, मजकूर म्हणून लिहावा किंवा आपला स्वतंत्र विस्तार करावा, असे आम्हांस वाटते.

संख्या ही सर्वांत सोपी असे कोणासही वाटेल. परंतु जे जे आकड्यांनी लिहिले जाते ते ते संख्या नव्हे. धाराशिवचा पिनकोड ४१३५०१. हा पूर्णांक म्हणून बांधला तर खुणेसह पाच बाइट लागतात, मजकूर म्हणून बांधला तर सात. दोन बाइट वाचले म्हणून कोणी पूर्णांक निवडील, आणि पिनकोडापुरते ते चालूनही जाईल, कारण भारतात कोणताही पिनकोड शून्याने आरंभ होत नाही. पण याच शहराचा दूरध्वनीचा संकेत ०२४७२ आहे. तो पूर्णांक केला की आरंभीचे शून्य गेले व २४७२ उरले. आणि तारेच्या पलीकडील मनुष्यास ते शून्य होते की नव्हते हे कळण्याचा काही मार्ग नाही. याची कसोटी सोपी आहे: दोन पिनकोडांची बेरीज करून काही अर्थ निघतो काय? निघत नसेल तर ती संख्या नव्हे, आकड्यांत लिहिलेले नाव होय. उलट पावसाचे आकडे ही खरी संख्या आहे, पण तेथेही जावास्क्रिप्टमध्ये १२.० आणि १२ यांत भेद नसल्यामुळे एका दिवशी नोंद अपूर्णांकाच्या खणात जाते व दुसऱ्या दिवशी पूर्णांकाच्या. वाचणाराने दोन्हींची तयारी ठेवावी हे उत्तम.

आता आमच्या मते सर्वांत गंभीर असलेला भेद. पाऊस शून्य, आणि पाऊस मोजलाच नाही, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीत आकाश कोरडे होते. दुसरीत यंत्र बंद होते, वा कोणी पाहिले नाही. मेसेजपॅकमध्ये पहिलीस ०, किंवा अपूर्णांकाच्या खणातील शून्य, आणि दुसरीस १९२ अशी स्वच्छ निराळी खूण आहे. परंतु वाचणारा प्रोग्रॅम आळशी असेल, आणि ‘काहीच नाही’ यास सोईसाठी शून्य मानीत असेल, तर न मोजलेले दिवस कोरडे दिवस होऊन बसतात. पावसात सलग किती दिवसांचा खंड पडला हे दुष्काळाच्या व पीकविम्याच्या विचारात पाहिले जाते. सात दिवसांचे आकडे १४, ०, नोंद नाही, ०, २१, नोंद नाही, ७ असे असतील, तर मोजलेल्या पाच दिवसांची सरासरी ८.४ मिलिमीटर येते. अभावास शून्य मानले तर तीच ६ वर घसरते, आणि जो खंड सिद्ध झालेला नाही तो तीन दिवसांचा ठरतो. त्या मधल्या दिवशी कदाचित् चांगला पाऊसही झाला असेल! उलट दिशेची चूक तितकीच घातक: खरे शून्य हे ‘नोंद नाही’ म्हणून टाकून दिले, तर ज्याचे पीक वाळले त्याच्या कोरड्या दिवसांचा पुरावाच नाहीसा होतो. एका बाइटाच्या खुणेवर सोयाबीनच्या एका शेताचा न्याय लटकलेला असू शकतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

कोणी विचारील, की प्रत्येक वस्तूवर खूण लावण्याची एवढी यातायात कशास? दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून घ्यावे, की पहिली जागा नावाची, दुसरी दिनांकाची, म्हणजे झाले. हीही रीत आहे. गुगल कंपनीने २००८ साली सर्वांस खुली करून दिलेली प्रोटोकॉल बफर्स ही पद्धत बहुतांशी अशीच चालते. तीत मजकूर आणि बाइट यांवर आजही एकच खूण असते, आणि तरी घोटाळा होत नाही. कारण कोणत्या जागी काय आहे याचा करारनामा दोघांजवळ असतो. दोन्ही व्यापाऱ्यांनी आरंभीच ‘सर्व हिशेब हालीत’ असे ठरविले, तर प्रत्येक ओळीवर हाली लिहावे लागत नाही तसेच हे. मात्र करारनामा हरवला किंवा एकाने नवा केला व दुसऱ्यापाशी जुनाच राहिला, तर वर सांगितलेली चोपडी पुन्हा समोर उभी राहते. थोड्या लोकांत, एकाच छपराखाली काम असेल तर करारनामा बरा. अनेक हातांतून अनेक वर्षे जाणाऱ्या दप्तरासाठी स्वतःची ओळख स्वतः सांगणारी नोंद आम्ही पसंत करू.

याच्या अगदी उलट टोकास पायथनची पिकल नावाची बांधणी आहे. ती वस्तूचा प्रकार तर लिहितेच, शिवाय ती वस्तू पुन्हा कशी घडवावी याची आज्ञाही गाठोड्यात घालून देते. त्यामुळे कोणतीही चमत्कारिक वस्तू हुबेहूब परत मिळते. पण गाठोडे सोडणे म्हणजे आतील आज्ञा पाळणे असा अर्थ होऊन बसतो. अनोळखी माणसाने पाठविलेले असे गाठोडे सोडू नये, अशी सूचना त्या भाषेच्या अधिकृत माहितीतच दिलेली आहे. मेसेजपॅकचे मोजके प्रकार या दृष्टीने गुणकारक ठरतात. त्यांत आज्ञेस जागाच नाही.

विद्यार्थ्यांस सराव म्हणून आमच्या जिल्ह्यातील आठ तालुक्यांची नावे कागदावर बांधून पाहता येतील. आठांची यादी, म्हणून पहिली खूण १५२. धाराशिव २१ बाइट, तुळजापूर २४, उमरगा १५, लोहारा १८, कळंब १२, भूम ९, परांडा १८, वाशी १२. सर्व नावे ३१ च्या आत असल्यामुळे प्रत्येकास एकेकच खूण पुरते, आणि एकंदर १३८ बाइट होतात. ज्यांनी ‘परंडा’ असे लिहिले असेल त्यांचे १३५ भरतील. दोन्ही लेखने प्रचारात आहेत, परंतु यंत्राच्या लेखी ती दोन निराळी गावे आहेत, आणि मजकूर ही खूण दोघांवरही तितकीच बरोबर बसते. २०२३ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते ते धाराशिव झाले, तेव्हाही हेच घडले: जुने नाव ३० बाइटांचे, खूण १९०, नवे २१ बाइटांचे, खूण १८१, आणि दोन्ही एकाच जिल्ह्याची नावे आहेत हे गाठोड्यावरील कोणत्याही खुणेवरून कळत नाही. ते सांगण्यासाठी नावाहून निराळी अशी ओळख लागते. मोटारींवरील एमएच २५ ही खूण त्या बदलानंतरही तीच राहिली आहे, आणि पिनकोडही तोच.